सोल्या आणि लेपा: मनाउसमधल्या प्रकल्प नोंदी

6 ऑक्टोबर 2025, सोमवार

आज काम मार्गी लागलं. विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठीच्या संग्रहात चपट्या नदीमाशांचे तीन पारदर्शक नमुने बनवायचे आहेत. मांस काचेसारखं आरपार, हाडं लाल, कूर्चा निळी. मार्गदर्शक बाईंनी तीन महिने दिलेत. क्ष-किरणांनी हाडांचं चित्र पडद्यावर काढणारं यंत्र आहे, तरी त्यांना प्रत्यक्ष हातात धरता येणारा नमुना हवा आहे. मलाही तोच हवा. पडद्यावरचं हाड वळवता येतं, पण ते त्या माशाचं आहे हे विद्यार्थ्याला बाटली उजेडात धरल्यावरच पटतं.

मासा कोणता, हे एकदा नीट लिहून ठेवते. समुद्रातले चपटे मासे सगळ्यांना माहीत असतात. आमच्या मालवणात बारीक लेपा तव्यावर परतल्याशिवाय पावसाळा सरत नाही. पण दक्षिण अमेरिकेच्या नद्यांत, समुद्रापासून शेकडो-हजारो किलोमीटर आत, कायम गोड्या पाण्यात राहणारे चपटे मासे आहेत, हे मी इथे, ब्राझीलमधल्या मनाउसला, येईपर्यंत ऐकलंही नव्हतं. ते अकिरिडे कुळातले. या कुळातले पुष्कळ मासे किनाऱ्यालगत आणि खाड्यांत राहतात, पण काही जातींनी नदीच घर केलं. त्यातले दोन मला हवे आहेत. एक हायपोक्लिनेमस मेंटॅलिस, गोलसर, मला हवा तो तळहातापेक्षा लहान. दुसरा अपिओनिक्थिस, अरुंद, लांबट, बोटाएवढा. इथले मच्छीमार दोघांनाही सोल्या म्हणतात, नाहीतर लिंग्वादो. लिंग्वा म्हणजे जीभ.

वर नदीत, पेरूमधल्या इक्विटोसकडे, याच माशांना पांगा राया म्हणतात. पांगा म्हणजे तिथल्या किचवा भाषेत पान, राया म्हणजे पाकट. पानपाकट! हे नाव मला फार आवडलं. ज्याने ठेवलं त्याने हा मासा पाण्यात जिवंत पाहिलेला होता, हे नावावरूनच कळतं.

9 ऑक्टोबर, गुरुवार

दिवसभर संग्रहाच्या खोलीत. जुन्या बरण्या काढून त्यावरची नावं तपासली. या माशांची नावं हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होईल.

अकिरस या नावाचा अर्थच हात नसलेला. या कुळात छातीजवळचे पर अगदी इवलेसे असतात, काहींना नसतातच, त्यावरून ते पडलं. 1889 मध्ये जॉर्डन आणि गॉस यांनी एका जातीला अस्फिक्सिएटस म्हटलं, म्हणजे श्वास कोंडलेला. अपिओनिक्थिस नाटेरेरी हे नाव योहान नाटेरेर या ऑस्ट्रियन संग्राहकावरून आलं. तो 1817 ते 1835 ब्राझीलमध्ये हिंडला आणि ढिगाने नमुने व्हिएन्नाला पाठवत राहिला. माशाचं वर्णन मात्र स्टाइनडाखनरने 1876 मध्ये केलं, तेव्हा नाटेरेर मरून तीस वर्षं उलटली होती. आयगेनमनने 1912 मध्ये तेव्हाच्या ब्रिटिश गियानातल्या एका बारक्या जातीचं नाव फिनिस ठेवलं. फिनिस म्हणजे शेवट.

2003 मध्ये ब्राझीलच्या रामोस यांनी अपिओनिक्थिसचा सगळा पसारा पुन्हा मांडला आणि एकदम चार नव्या जाती सांगितल्या: मेनेझेसी, रोझाइ, सौली, सेरिपिएरिए. यातलं शेवटचं नाव साओ पाउलोच्या प्राणिशास्त्र संग्रहालयातल्या ग्रंथपाल बाईंच्या सन्मानार्थ आहे. मला ही गोष्ट मनापासून भावली. मासे जाळ्यात सापडतात, पण नवी जात ठरते ती जुने कागद हाताशी असले तरच, आणि ते कागद कोणीतरी वर्षानुवर्षं सांभाळलेले असतात.

चार नव्या जाती एकदम, तेही एकविसाव्या शतकात! यावरून या माशांकडे किती कमी लक्ष गेलं होतं ते दिसतं. ते मासळी बाजारात फारसे विकले जात नाहीत, गळाला लागत नाहीत, जाळ्यात आलेच तर झाडपाल्याबरोबर बाहेर फेकले जातात.

बरणीतले नमुने मात्र माझ्या कामाचे नाहीत. जुन्या फॉर्मॅलिनमध्ये आम्ल तयार होतं आणि ते हाडातला चुना हळूहळू खातं. अशा हाडावर लाल रंग धरत नाही. ताजे मासे आणावे लागणार.

14 ऑक्टोबर, मंगळवार

परवान्याचे कागद आले. होडी ठरली. जाळं तपासून चार ठिकाणी शिवलं. पाच मिलिमीटर भोकांचं, दोघांनी ओढायचं. इथे त्याला वेगळं नाव आहे, पण माझ्या लेखी ती छोटी रापणच.

तारीख 20. नदी उतरलेली आहे, वाळूचे पट्टे उघडे पडलेत, आणि त्या रात्री चंद्र नसेल. अंधाऱ्या रात्री हे मासे उथळ पाण्यात येतात, असं नावाडी म्हणाले. त्यांच्या बोलण्यावर मी भरवसा ठेवते.

21 ऑक्टोबर, मंगळवार, पहाटे लिहिलेली नोंद

काल संध्याकाळी पाचला निघालो. आम्ही तिघं: नावाडी, प्रयोगशाळेतली माझी सहकारी आणि मी. निग्रो नदीचं कोऱ्या चहासारखं पाणी आणि सोलिमोंइसचं (अ‍ॅमेझॉनचं इथलं नाव) दुधाळ चहासारखं पाणी जिथे भेटतं, ती जागा ओलांडून सोलिमोंइसमध्ये शिरलो. दोन्ही पाणी पाच-सहा किलोमीटर एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी वाहतं. कितीदा पाहिलं तरी मी दर वेळी होडीच्या काठावरून वाकून बघते.

इथे पाण्याची चढउतार प्रचंड आहे. मनाउसच्या बंदरावर 1902 पासून रोजची पातळी लिहून ठेवलेली आहे. 2021 च्या जूनमध्ये ती 30.02 मीटर झाली होती आणि 2024 च्या ऑक्टोबरमध्ये 12.11 मीटर. म्हणजे चार वर्षांच्या आत सहा मजली इमारतीएवढा फरक. काल आम्ही ज्या वाळूवर उभे होतो, तिथे जूनमध्ये आमच्या डोक्यावरून होड्या जात असतील.

अंधार पडल्यावर सुरुवात केली. पाय उचलून टाकायचा नाही, वाळूतून घासत न्यायचा, म्हणजे खाली पाकट असलं तर सरकून जातं. हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. नावाड्यांनी माझे पाय पाहिले आणि विचारलं, तुमच्याकडेही पाकटं आहेत का? म्हटलं, आहेत, पण खाऱ्या पाण्यात. गोड्या पाण्यात पाकट हे त्यांना रोजचं, मला अजून अंगावर काटा आणणारं.

पहिल्या तीन ओढींत चपटा मासा एकही नाही. बारके शिंगाळे मासे, पारदर्शक कोळंबी, कुजका पाला. चौथ्या ओढीला जाळं वाळूवर आणलं, पाला बाजूला केला, बॅटरीच्या उजेडात एकेक पान उलटत गेलो. एक पान उलटलं आणि ते परत उलटलं. आपलं आपण.

तो हायपोक्लिनेमस होता. वरची बाजू वाळूच्या रंगाची, तपकिरी, काळसर ठिपक्यांची. खालची बाजू फिकट. तळहातावर घेतला तर असा चिकटून बसला की हात उपडा केला तरी पडेना. सगळ्या कडेने परांची झालर, तीच हाताला धरून होती. मी बॅटरी जवळ नेली. दोन डोळे, मोहरीपेक्षा थोडे मोठे, एकमेकांना लागून, वर आलेले. दोन्ही वेगवेगळे हलत होते. एक माझ्या अंगठ्याकडे, दुसरा उजेडाकडे.

एक वाजेपर्यंत अकरा हायपोक्लिनेमस आणि दोन अपिओनिक्थिस. अपिओनिक्थिस मी ओळखलाच नसता, सहकारीने बोटाने दाखवला. काजूच्या कोवळ्या पानाएवढा, तेवढाच पातळ, डोळे तर सुईच्या टोकाएवढे. परवान्यात बसतात तेवढेच ठेवले: पाच आणि दोन. बाकीचे सहा तिथेच सोडले. पाण्यात ठेवल्या ठेवल्या दोनदा लाट मारली आणि वाळूत गेले. वाळूवर फक्त एक पुसट कडा उरली, मग तीही नाही.

आठच्या सुमाराला ओढींच्या मध्ये घड्याळ पाहिलं होतं. घरी तेव्हा साडेपाच वाजलेले, लक्ष्मीपूजनाच्या दिवशीची पहाट. आमच्या अंगणात आकाशकंदील रात्रभर तसाच असेल. इथे नदीवर डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख होता आणि पाण्यात कुठेतरी लांब मगरीचे डोळे बॅटरीला लाल चमकत होते. अमावास्या तीच.

22 ऑक्टोबर, बुधवार

मासे दोन दिवस टबात ठेवले. तळाला बारीक धुतलेली वाळू. पुरून घेण्याची रीत जवळून पाहिली. डोकं किंचित उचलतो, शरीरातून शेपटीकडे दोन-तीन वेगवान लाटा सोडतो, वाळू उडते आणि त्याच्याच पाठीवर बसते. सेकंदभराचं काम. मग डोळे देठावर आल्यासारखे वर येतात आणि कल्ल्याच्या झाकणापाशी वाळूचे दोन-चार कण श्वासाबरोबर हलत राहतात. तेवढ्यावरूनच तो तिथे आहे हे कळतं. एक मासा वाळू सोडून टबाच्या उभ्या भिंतीला चिकटला आणि तासभर तिथेच होता.

दुपारी लवंगेच्या तेलाच्या पाण्यात घातले. आधी गुंगी येते, मग कल्ले थांबतात. कल्ले थांबल्यानंतर दहा मिनिटं मी घड्याळ लावून थांबते, तो नियम मोडायचा नाही. खोलीभर लवंगेचा वास. या वासाची मला आता सवय झाली आहे असं मी म्हणणार नाही.

सपाट पांढऱ्या फरशीवर पर उघडून टाचण्यांनी रोवले आणि 10 टक्के फॉर्मॅलिन घातलं, टाकणखार टाकून आम्ल मारलेलं. पर आत्ता पसरले नाहीत तर मिटलेलेच कडक होतात आणि मग किरणं मोजता येत नाहीत.

30 ऑक्टोबर, गुरुवार

कातडं काढायचा दिवस. नमुना क्रमांक 1, लांबी 61 मिलिमीटर. क्रमांक 2, 52 मिलिमीटर. अपिओनिक्थिस 44 मिलिमीटर, तो क्रमांक 3.

लेप्याचं कातडं काढताना आई बोटांना मीठ लावते, डोक्यापाशी नखाने कडा उचलते आणि एका झटक्यात शेपटीपर्यंत ओढते. तेच मी चिमट्याने, सूक्ष्मदर्शकाखाली, तीन तास करत होते. या माशाचे खवले बारीक, काटेरी कडांचे आणि घट्ट रुतलेले. जोर लावला तर पराची किरणं मुळासकट येतात. डोळ्यांची बाजू आधी घेतली. खालच्या बाजूला तोंडाभोवती केसांसारख्या मऊ कातडी झालरी आहेत. या बाजूला डोळा नाही, तेव्हा वाळूत काय आहे ते इथूनच चाचपडून कळत असावं, असा माझा अंदाज.

अपिओनिक्थिसचं पोट उघडताना आत डासासारख्या माशीच्या अळ्या मिळाल्या. जपून वेगळ्या कुपीत घातल्या.

रात्री आईचा फोन. तिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “काय गो, तुझ्या थंयच्या लेप्याचे डोळे खंयच्या बाजूक?”

म्हटलं, “आये, उजव्या.”

“आमच्या लेप्याचे डाव्या. म्हणजे तो आरशातलो लेपो.”

तिने हे कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. चाळीस वर्षं लेपे साफ केले, त्यात पाहिलं. आणि बरोबर आहे. आमच्याकडचा लेपा सायनोग्लॉसस, त्याचे दोन्ही डोळे शरीराच्या डाव्या अंगावर. अकिरिडे कुळाचे उजव्या अंगावर. मासा पोटावर उभा आहे, तोंड पुढे आहे असं धरून बघायचं, म्हणजे घोटाळा होत नाही. संग्रहाच्या पाटीवर हे वाक्य घालायचं ठरवलं.

3 नोव्हेंबर, सोमवार

निळा रंग. अल्शियन ब्लू 10 मिलिग्रॅम, अल्कोहोल 80 मिलिलिटर, अ‍ॅसेटिक आम्ल 20. डिंगरकस आणि उलर यांनी 1977 मध्ये दिलेलंच माप, अजून चालतं. चोवीस तासांच्या वर ठेवायचं नाही. आम्ल आहे, कूर्चा रंगवता रंगवता हाड खायला लागतं. गजर लावला आहे.

6 नोव्हेंबर, गुरुवार

क्रमांक 1 गेला. चूक माझी.

टाकणखाराच्या पाण्यात आम्ल मारून झालं होतं. पुढची पायरी हायड्रोजन पेरॉक्साइडची, कातड्याखाली आणि पोटाच्या अस्तरात उरलेला काळा रंग घालवण्यासाठी. मी प्रमाण थोडं जास्त घेतलं, बाटली खिडकीपाशी ठेवली आणि दोन तास दुसऱ्या कामाला गेले. मनाउसची दुपार, खिडकीचं ऊन. परत आले तर मासा पाण्यावर तरंगत होता, पोटाची पोकळी बुडबुड्यांनी फुगलेली. बुडबुडे काढायला गेले तेव्हा आंधळ्या बाजूची कल्ल्याची झाकणं सांध्यातून सुटून हातात आली. बरगड्यांजवळचं मांस फाटलं.

तो मासा मी माझ्या हाताने पाण्यातून काढला होता. बराच वेळ काही सुचलं नाही.

सहकारीने तो फेकू दिला नाही. तिने डोकं वेगळं करून ठेवायला सांगितलं. सुट्या हाडांचाही संग्रह लागतोच. डोकं वेगळ्या कुपीत पुढच्या पायऱ्यांना नेते आहे. क्रमांक 2 आणि 3 साठी प्रमाण निम्मं केलं, बाटल्या सावलीत, दर पंधरा मिनिटांनी बघायचं. दोन्ही नीट उतरले.

12 नोव्हेंबर, बुधवार

ट्रिप्सिनचा सहावा दिवस. 30 भाग संपृक्त टाकणखाराचं पाणी, 70 भाग साधं पाणी, त्यात ट्रिप्सिन. आपल्या आतड्यात अन्न पचवणारंच हे विकर. ते मांसातली प्रथिनं खातं, कूर्चेचे आणि हाडाचे धागे तसेच राहू देतं. पाणी निळसर झालं की बदलायचं. करायला यापलीकडे काही नाही, वाट बघायची.

वाट बघताना या कामाच्या मुळाशी असलेला प्रश्न लिहून काढते: समुद्राचा मासा इथे आला कसा?

आणि तो एकटा नाही, हे मला आधी दिसलं बाजारात. मनाउसच्या मासळी बाजारात पहिल्यांदा गेले तेव्हा मी नावं विसरून गेले आणि तोंडात मालवणी नावं आली. ढोम्याच्या कुळातला पेस्काडा फळीवर मांडलेला होता. नदीत मांदेलीच्या कुळातले मासे आहेत, टोळ आहे, केंड आहे, पाकट आहे. आणि लेप्याचा हा लांबचा भाऊ. शिवाय गुलाबी डॉल्फिन. मालवणच्या बंदरावरची अर्धी टोपली इथे गोड्या पाण्यात पोहते आहे, आणि मनाउस समुद्रापासून नदीवाटेने सुमारे 1500 किलोमीटर. इक्विटोस तर 3600 आणि तरीही समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभर मीटर उंच. नदीला उतार असा नाहीच. वर चढून येणाऱ्याला ना धबधबा आडवा येतो, ना खडक.

एक मत असं की एवढ्याने भागत नाही. मायोसीन काळात, साधारण 2 कोटी 30 लाख ते 1 कोटी वर्षांपूर्वी, आजच्या पश्चिम अ‍ॅमेझॉनच्या जागी अफाट दलदल होती. पेरूमधल्या पेबास गावावरून तिला पेबास म्हणतात. तिथल्या निळसर मातीत शिंपल्यांचे थरच्या थर सापडतात. या दलदलीत उत्तरेकडून, कॅरिबियनच्या बाजूने, अधूनमधून समुद्राचं पाणी शिरत होतं. मग अँडीज उंचावला, पाण्याची वाट बदलली, नदी पूर्वेकडे अटलांटिकला वाहू लागली आणि आत आलेले जीव हळूहळू गोडे होत जाणाऱ्या पाण्यात राहिले. पाकट, टोळ, मांदेली या गटांच्या वंशावळी अभ्यासून काही संशोधकांनी या मताला बळ दिलं आहे.

चपट्या माशांबाबत मला मात्र एकच वाट पुरेशी वाटत नाही. या कुळाला गोड्या पाण्याचं वावडं पहिल्यापासूनच कमी आहे. उत्तर अमेरिकेत ट्रायनेक्टिस मॅक्युलाटस नावाचा यांचाच नातलग आहे. त्याची पिल्लं खाडीतून नदीत वर जातात आणि मोठी होता होता खाली परततात. ज्या कुळाच्या पिल्लांना नदीत जायची सवय आहे, त्यातल्या काहींनी परतणं सोडून दिलं, एवढंच घडलं असेल. अ‍ॅमेझॉनच्या मुखाशी तर समुद्रच गोडसर असतो. तिथे नदी कुठे संपते आणि समुद्र कुठे सुरू होतो, हे माशाला कोण सांगणार? दोन्ही वाटांनी, वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या जाती आल्या असतील असं मला वाटतं. हे माझं मत म्हणून लिहिते. पार खाली दक्षिणेला, पाराना आणि उरुग्वे नद्यांत, कॅटाथिरिडियम जेनिन्सी राहतो, तोही याच कुळातला. त्याची नदी अ‍ॅमेझॉनला मिळत नाही. त्याचा प्रवास निराळाच असणार.

19 नोव्हेंबर, बुधवार

लाल रंग. कॉस्टिक पोटॅशच्या फिक्या द्रावणात अ‍ॅलिझरिन, पाणी गर्द जांभळं होईपर्यंत. काल दुपारी मासे आत घातले, आज दुपारी काढले.

रंग धरला!

क्रमांक 2 चं वर्णन, सूक्ष्मदर्शकाशी बसूनच लिहिते. पाठीचा पर डोक्यावर, थेट नाकाडापाशी सुरू होतो. इतर बहुतेक माशांच्या पाठीवरचा पर डोक्याच्या मागे असतो, इथे तो डोळ्यांच्याही पुढे आला आहे. पोटाचा उजवा पर गुदाच्या परात मिसळून गेलेला, दोन्हींमध्ये फट नाही, सलग लाल किरणं. जबडा वाकडा. खालच्या, आंधळ्या बाजूचा जबडा जास्त वळलेला आणि दात मुख्यतः तिकडेच. बरोबरच आहे, अन्न तिकडेच असतं.

आणि कवटी. मागचा भाग जवळजवळ सरळ, दोन्ही बाजू सारख्या. तिथून पुढे येताना हाडं वळायला लागतात. दोन डोळ्यांमधलं कपाळाचं हाड बारीक होत होत उजवीकडे झुकतं, एखादी ओली काठी पिळावी तसं. डावा डोळा उजव्या अंगाला आला आहे, आणि तो आल्यावर त्याच्या पलीकडून, आंधळ्या बाजूने, हाडाची एक पट्टी तयार झाली आहे. ही पट्टी इतर कुठल्याही माशांत नसते, फक्त चपट्या माशांत. पट्टी आणि कपाळाच्या मधल्या खोबणीत डोळा बसलेला.

क्रमांक 1 चं सुटलेलं डोकं इथे कामाला आलं. ते हवं तसं वळवता येतं. समोरून धरलं तेव्हा पीळ जितका स्पष्ट दिसला, तितका अख्ख्या माशात दिसत नाही. मोजणीचे आकडे दुसऱ्या वहीत.

24 नोव्हेंबर, सोमवार

आज संग्रहातून डिंभांची, म्हणजे अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांची, एक पेटी आणली होती. रात्रीच्या प्रवाहात बारीक जाळी धरून गोळा केलेल्या कुप्या. एका कुपीत शिंगाळ्यांच्या शेकडो डिंभांत एक वेगळा दिसला. पाच मिलिमीटर. जात सांगता येणार नाही, कुळ सांगते: अकिरिडे.

शरीर उंच, गोल, काचेसारखं. उजवा डोळा जागच्या जागी. डावा डोळा डोक्याच्या कडेवर. अगदी माथ्यावर, अर्धा इकडे अर्धा तिकडे.

प्रत्येक चपटा मासा अंड्यातून निघताना इतर माशांसारखाच असतो. एक डोळा डावीकडे, एक उजवीकडे, उभा पोहणारा. मग काही दिवसांत किंवा आठवड्यांत थायरॉइडच्या संप्रेरकाची लाट येते आणि एक डोळा निघतो. हे मी पंधरा वर्षांपूर्वी पाठ केलं होतं. आज वाटेवरचा डोळा पाहिला.

याच डोळ्यावरून दीडशे वर्षांपूर्वी मोठा वाद झाला. जीवशास्त्रज्ञ मिव्हार्टने 1871 मध्ये डार्विनला विचारलं, डोळा थोडासाच सरकला तर त्याचा माशाला उपयोग काय? आणि उपयोग नसेल तर तो बदल टिकेल कसा? डार्विनने ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या 1872 च्या आवृत्तीत उत्तर दिलं, कुशीवर पडलेलं पिल्लू खालचा डोळा वर वळवायची धडपड करतं, त्याचा दाखला देऊन. पण खरा पुरावा 2008 मध्ये आला. इटलीतल्या बोल्काच्या दगडांतले सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीचे दोन मासे, अ‍ॅम्फिस्टियम आणि हेटेरोनेक्टिस, फ्रीडमनने पुन्हा तपासले. पूर्ण वाढलेले मासे, कवटी वाकडी, पण डोळा अर्ध्या वाटेवरच थांबलेला. ते मासे तसेच जगत होते. मिव्हार्टचा प्रश्न वाईट नव्हता, असं मला नेहमी वाटतं. प्रश्न नेमका होता म्हणूनच दगडात काय शोधायचं ते कळलं.

बाईंनी विचारलं, हाही रंगवायचा का? मी नाही म्हटलं. पाच मिलिमीटरच्या जिवाला आम्ल आणि ट्रिप्सिन सोसेल याची खात्री माझ्या हाताला नाही, आणि 6 तारीख मी विसरलेले नाही. त्याचं चित्र काढते. बाईंनी मान्य केलं. संध्याकाळी चार ते साडेआठ चित्र. डावा डोळा तीनदा खोडून काढला, कारण त्याची काळी कडा माथ्याच्या रेषेच्या किती वर येते हे नीट जमत नव्हतं.

2 डिसेंबर, मंगळवार

ग्लिसरिनच्या पायऱ्या संपल्या. कॉस्टिक पोटॅशचं फिकं द्रावण आणि ग्लिसरिन: तीनास एक, निम्मंनिम्मं, एकास तीन, मग शुद्ध ग्लिसरिन. प्रत्येक पायरीला मासा आणखी आरपार होत गेला. शेवटी बाटलीत फक्त लाल-निळी रेखाटणी तरंगते आहे आणि मागे ठेवलेल्या कागदावरची अक्षरं त्यातून वाचता येतात. बुरशी येऊ नये म्हणून थायमॉलचे दोन खडे.

अपिओनिक्थिसमध्ये निळा रंग थोडा जास्त राहिला, परांच्या मुळाशी. मी तो घालवायचा प्रयत्न करणार नाही. किरणांना आधार देणारी कूर्चा त्यामुळे उलट छान कळते.

पाट्या लिहिल्या. आधी पोर्तुगीज, खाली इंग्रजी. बाईंनी विचारलं, तुमच्या भाषेत याला काही नाव आहे का? म्हटलं, या माशाला नाही, याच्या समुद्रातल्या भावाला आहे. त्यांनी तिसऱ्या ओळीला जागा सोडायला सांगितली. क्रमांक 2 च्या पाटीवर मी देवनागरीत लिहिलं: नदीतला लेपा, डोळे उजव्या अंगाला.

फोटो काढून आईला पाठवला. तिचं उत्तर सकाळी आलं होतं, मी आत्ता पाहिलं. तिने फोटोवर बोटाने एक गोल काढला आहे, पाठीचा पर जिथे नाकाडापाशी सुरू होतो तिथे, आणि विचारलं आहे, हो काटो आमच्या लेप्याक पण असा काय? उद्या बाजारातून लेपा आणून ती बघणार आहे. डोकं टाकू नको, मिठात ठेव, असं कळवलं.